आरोग्य संशोधनाचा पैसा कुठून येतो, कुठे अडतो? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं गोव्यात आरोग्य सर्वेक्षणांच्या प्रकल्पांवर काम केलं. आधी घरोघर फिरून, नंतर खुर्चीत बसून आकडे भरत. अमेरिकेत संशोधनाच्या पैशावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्यापासून नातेवाईक, शेजारी, पंचायतीतली ओळखीची माणसं तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. मतं माझी आहेत, आणि ती लपवलेली नाहीत.

आरोग्यावरचा खर्च आणि आरोग्य संशोधनावरचा खर्च वेगळा असतो का? सगळा सरकारचाच पैसा ना?

सरकारचाच, पण खिसे वेगळे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, मिळणारी खाट, औषध, परिचारिकेचा पगार हा मुख्यतः राज्याचा खर्च, कारण राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि इस्पितळं राज्यसूचीत आहेत. संशोधनाची सूत्रं मात्र बहुतांशी दिल्लीत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयात दोन विभाग आहेत. एक आरोग्य व कुटुंब कल्याण, दुसरा २००७ साली निघालेला आरोग्य संशोधन विभाग. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात या मंत्रालयाला सुमारे ९९,८५९ कोटी रुपये मिळाले, त्यातले संशोधन विभागाचे सुमारे ३,९०१ कोटी. शंभर रुपयांतले चारही नाहीत. त्या विभागाचा मोठा हिस्सा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे, म्हणजे आयसीएमआरकडे जातो. ही संस्था १९११ची. तेव्हा नाव वेगळं होतं, आजचं नाव १९४९मध्ये मिळालं.

केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, हेही आरोग्याच्या विषयांवर खर्च करतात, म्हणून ३,९०१ कोटी म्हणजे देशाचं सगळं आरोग्य संशोधन असं समजू नका. पण वादात हाच आकडा फेकला जातो.

आधी खाटा वाढवा, संशोधन मग बघू. यात चूक काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा नुकताच इस्पितळातून आलेला असतो. त्याला चूक म्हणायला जीभ रेटत नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ने सरकारी आरोग्य खर्च २०२५पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्य खर्चातला ३९ टक्क्यांहून अधिक भार लोकांनी स्वतःच्या खिशातून उचललेला होता.

तरीही एक गोष्ट बघा. जानेवारी २०१८मध्ये गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातली, दोडामार्ग-सावंतवाडीची माणसं रस्त्यावर उतरली. बरोबरच होतं. तिकडच्या माणसाला बांबोळी जवळची, तिथल्या डॉक्टरांवर त्याचा विश्वास, आणि बिल हातात पडलं की ते दिसतं. दोन राज्यांच्या मंत्र्यांना बोलावं लागलं. संशोधनाचा एखादा प्रकल्प मधेच बंद पडतो तेव्हा बिल कुणाच्याच हातात पडत नाही. न लागलेला शोध कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्यासाठी मोर्चाही निघत नाही. राजकारण्यांना हे पक्कं ठाऊक असतं. कपात करायची वेळ आली की हात आधी तिथेच जातो.

पण गोव्यासारख्या एवढ्याशा राज्याला संशोधन हवं कशाला? पुणे, दिल्ली करतातच की.

याचं उत्तर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आहे, जरा सविस्तर देतो.

काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. वाळपईच्या पुढे डोंगरउतारांवर बोंडू पिकून खाली पडतात. बाई वाकून पाचोळ्यातून एकेक उचलते, पिरगाळून बी वेगळी करते, आणि दुपारी त्याच पाचोळ्यावर बसून जेवते. पाचोळ्यात गोचिडीची पिलं असतात, तिळाहून बारीक. रानात माकड तापाने मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. मग आठवडाभरात त्या बाईला ताप भरतो, अंग मोडून निघतं, काहींना रक्तस्राव होतो. हा माकडताप. विषाणू १९५७मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, २०१५च्या सुमारास सत्तरीत पोहोचला, आणि पाठोपाठ शेजारच्या दोडामार्गात.

काजूच्या बागायतीत राबणारे आणि हा ताप यांचा संबंध पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने अभ्यासला, तेव्हा पुण्याचं ऋण आहेच. पण पुढचं बघा. लस होती ती जुनी, कर्नाटकात बनणारी. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा, मग वर्षाकाठी एकेक. इंजेक्शन दुखायचं. रोजंदारी बुडवून दुखरं इंजेक्शन घ्यायला कोण परत परत येणार? त्यात लसीचा गुण कमी ठरला आणि २०२२च्या सुमारास तिचा वापर थांबला. आता आयसीएमआरने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सबरोबर नव्या लशीचं काम हाती घेतलं आहे.

मधल्या काळात उपाय काय? हातापायांना चोळायचं तेल, आणि मेलेलं माकड दिसलं तर कळवा ही सूचना. पश्चिम घाटातल्या काही तालुक्यांतल्या गरीब माणसांना होणाऱ्या रोगासाठी कुठलीही कंपनी आपणहून लस करणार नाही, कारण गिऱ्हाईकच नाही. इथे सरकारी पैसा नसेल तर दुसरा कुठलाच पैसा येत नाही. खाटा वाढवा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो: या तापावर विशिष्ट औषध नाही, खाटेवर झोपवून सलाईनच लावणार आहोत.

आणखी एक. मार्च २०२०मध्ये कोरोनाचे सुरुवातीचे नमुने गोव्यातून पुण्याला जात होते. मग बांबोळीतच प्रयोगशाळा उभी राहिली आणि उत्तर त्याच दिवशी मिळू लागलं. प्रयोगशाळा जवळ असण्याचा अर्थ तेव्हा सगळ्यांना कळला होता. आता विसरलोय.

गोव्यात परदेशी पैशाने संशोधन चालतं का?

चालत आलं आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. दोन उदाहरणं देतो.

पहिलं मलेरियाचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २०१०मध्ये जगभर मलेरिया संशोधन केंद्रांचं जाळं उभारायला पैसे दिले. त्यातलं दक्षिण आशियाचं केंद्र सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली चाललं आणि गोमेकॉ त्यातलं महत्त्वाचं ठिकाण होतं. राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेची गोव्यातली शाखाही सोबत होती. गोवाच का? बांधकामांवर देशभरातून मजूर येतात, त्यांच्यासोबत निरनिराळ्या भागांतले परजीवी येतात, आणि ते सगळे एकाच इस्पितळात तपासायला मिळतात.

दुसरं पर्वरीच्या संगातचं. १९९६मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत एक साधी कल्पना तपासली: मानसोपचारतज्ज्ञ नसतील तिथे, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं नैराश्याच्या रुग्णांना मदत करू शकतील का? ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने पैसे दिले, निष्कर्ष २०१०मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि सरकारी केंद्रांत या पद्धतीचा फायदा दिसला. आपल्या आरोग्य केंद्रांत झालेला प्रयोग आज जगभर शिकवला जातो. इथल्या किती आमदारांना हे ठाऊक असेल, हा माझा आगाऊ प्रश्न.

अमेरिकेत नेमकं काय झालं, आणि बांबोळीला त्याची झळ कशी?

फेब्रुवारी २०२५मध्ये ट्रम्प प्रशासनाने जाहीर केलं की एनआयएचच्या अनुदानांत अप्रत्यक्ष खर्चाला १५ टक्क्यांहून अधिक मिळणार नाही. राज्यं आणि विद्यापीठं कोर्टात गेली, कोर्टाने निर्णय अडवला. मग पुढच्या वर्षासाठी एनआयएचच्या निधीत सुमारे ४० टक्के कपातीचा प्रस्ताव आला. त्याला संसदेत प्रशासनाच्याच पक्षातून विरोध झाला. ऑगस्ट २०२५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ५ विरुद्ध ४ मतांनी, काही अनुदानं रद्द करण्याची वाट तात्पुरती मोकळी केली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची तारीख वेगळी: १ मे २०२५. त्या दिवशी एनआयएचने सांगितलं की अमेरिकी विद्यापीठाने अनुदान घेऊन त्यातला वाटा परदेशी संस्थेला देण्याची जुनी पद्धत बंद, नवी व्यवस्था होईपर्यंत असे नवे करार नाहीत. गोव्यासारख्या ठिकाणी अमेरिकी पैसा यायचा तो मुख्यतः याच वाटेने. सिअॅटलमधला प्राध्यापक मुख्य, इथला डॉक्टर पोटकरारदार, आणि त्याच्या हाताखाली चार-सहा मुलं, करारावर. वॉशिंग्टनमधल्या भांडणाचा शेवटचा धक्का या मुलांना बसतो. त्यांनी तिकडे कुणाला मत दिलेलं नसतं, आणि तक्रार करायला धड जागाही नसते.

हा अप्रत्यक्ष खर्च म्हणजे काय? पैसे खाण्याची जागा तर नव्हे?

थोडी खाबूगिरी कुठे नसते. पण खर्च खरा असतो. नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. फ्रीझर प्रकल्पाच्या पैशातून येतो, त्याचं वीजबिल मात्र संस्थेच्या माथी. जनरेटरचं डिझेल, सुरक्षारक्षक, हिशेबनीस, नीतिमत्ता समितीचा कारकून, हे कुठल्याच एका प्रकल्पाचे नसतात आणि सगळ्यांना लागतात.

आमच्या एका प्रकल्पात मे महिन्यात रात्री वीज गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. डिझेल भरायचं कुठल्या खात्यातून यावर तीन आठवडे टिपण फिरत होतं. सकाळी फ्रीझर उघडला तेव्हा आतल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि नळ्यांवरची शाई पसरली होती. दोन पावसाळ्यांचं रक्त, फेकलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण हे कुठेही घडू शकलं असतं.

अमेरिकेत काही विद्यापीठांचा हा दर थेट खर्चाच्या पन्नास टक्क्यांच्या वर आहे, तेव्हा तिथल्या करदात्याने प्रश्न विचारला तर गैर नाही. पण रातोरात १५ वर आणणं म्हणजे डिझेल काढून घेणं. आपण त्यांना हसू नये. २०२०च्या दुरुस्तीने परदेशी देणग्यांच्या कायद्यात, एफसीआरएत, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यावर बंदी घातली. मोठी संस्था पैसा आणणार आणि गावपातळीवरची छोटी संस्था काम करणार, ही सोय त्याने मोडली.

परदेशी पैसा म्हणजे आपल्या लोकांवर त्यांचे प्रयोग, हा संशय खोटा आहे का?

संशयाला इतिहास आहे. १९७०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर मिळून दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं एक केंद्र चालवत होते, पैसा अमेरिकेचा. वृत्तपत्रांतून आरोप झाले की यामागे जैविक युद्धाची तयारी आहे. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५च्या अहवालात कडक ताशेरे ओढले आणि केंद्र बंद झालं. शास्त्रज्ञांनी आरोप फेटाळले. पण त्या प्रकरणापासून परदेशी सहकार्याच्या फायली दिल्लीत सावकाश सरकू लागल्या, त्या आजतागायत.

दुसरी बाजू: ज्या पुण्याच्या संस्थेकडे आपण माकडताप आणि कोरोनासाठी धावलो, ती १९५२मध्ये आयसीएमआर आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने मिळून सुरू केली.

मला वाटतं, पैसा कुठल्या देशाचा यापेक्षा नमुने कुठे जातात, माहिती कुणाच्या ताब्यात राहते आणि उपयोग आधी कुणाला, हे विचारावं. सरकारं मात्र बहुधा परवाना रद्द करण्याचा सोपा मार्ग धरतात. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाचा एफसीआरए परवाना २०१७मध्ये रद्द झाला आणि २०२२मध्ये परत मिळाला. पाच वर्षांत प्रकल्पावरची माणसं वाट बघत थांबत नाहीत.

कशावर संशोधन व्हावं हे राजकारणी ठरवतात का?

ठरवतात, सगळीकडे. अमेरिकेत १९९६च्या एका दुरुस्तीनंतर बंदुकीच्या हिंसेवर सरकारी पैशाने संशोधन जवळपास बंद झालं, आणि त्यासाठी वेगळी तरतूद व्हायला २०१९ची अखेर उजाडली. भ्रूणातल्या मूळपेशींवरच्या संशोधनाला बुश यांनी २००१मध्ये वेसण घातली, ओबामांनी २००९मध्ये ती सोडली.

आपल्याकडे वाद आयुषचा, म्हणजे आयुर्वेद, योग, होमिओपॅथी वगैरेंचा. २०२५-२६मध्ये आयुष मंत्रालयाला सुमारे ३,९९३ कोटी मिळाले, म्हणजे आरोग्य संशोधन विभागाहून थोडे जास्तच. हा आकडा घेऊन टीका करणारे एक सांगत नाहीत: आयुषचा पैसा दवाखाने, महाविद्यालयं, राज्यांच्या योजना यांवरही जातो, सगळा संशोधनाचा नव्हे. आणि समर्थक सांगत नाहीत की औषध कुठल्याही शास्त्राचं असो, चाचणीचा निकष एकच हवा. पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं मोठं केंद्र उभं आहे, डिसेंबर २०२२मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. आपले मुख्यमंत्री स्वतः आयुर्वेदाचे पदवीधर. पेडण्याच्या लोकांना इस्पितळ मिळालं हे चांगलंच. आता तिथून नकारात्मक निष्कर्षही छापून यावेत, एवढीच माझी अपेक्षा. अमुक औषधाचा उपयोग झाला नाही असं जिथून कधीच बाहेर येत नाही, तिथे संशोधन चालतं यावर माझा विश्वास बसत नाही.

वेळापत्रकातही राजकारण घुसतं. जुलै २०२०मध्ये आयसीएमआरच्या महासंचालकांनी इस्पितळांना पत्र लिहून कोरोनाची लस कोव्हॅक्सिन १५ ऑगस्टपर्यंत आणण्याची अपेक्षा व्यक्त केली. मानवी चाचण्या सुरूही व्हायच्या होत्या. शास्त्रज्ञांनी ओरड केली, तारीख गळाली. पुढे लस झाली, आणि तिच्या विक्रीवर आयसीएमआरला ५ टक्के स्वामित्वधन ठरलेलं होतं. सरकारी संशोधन पैसे परतही आणू शकतं, ही बाब त्या गदारोळात हरवली.

पैसा मंजूर झाला तरी काम का अडतं?

मंजुरी आणि खात्यात जमा होणं यांत पावसाळा जातो. शब्दशः. डेंगीचा अभ्यास जूनमध्ये सुरू करायचा, हप्ता येतो ऑक्टोबरात, डास गेलेले. मग ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवा, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा, उरलेलं परत. फेब्रुवारीत आम्ही रसायनं आणि हातमोज्यांची खोकी मागवायचो, लागत नसली तरी. कपाटं भरायची आणि मुलांचे पगार थकायचे, कारण हिशेबात पगाराचं खातं वेगळं.

त्यात खरेदी सरकारच्या जेम या ऑनलाइन बाजारावरून. जुलै २०२२मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला, अनुदान तेवढंच राहिलं. अनुदानांवरही जीएसटी मागणाऱ्या नोटिसा निघाल्या होत्या. सप्टेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेने अनुदानांना त्यातून सूट दिली. जून २०२५मध्ये शास्त्रीय खरेदीचे नियमही सैल झाले. सुधारणा होतात, भांडल्यावर.

ते ५० हजार कोटींचं काय झालं?

२०२३च्या कायद्याने निघालेल्या, देशभरच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी सांगितले गेले. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून, उद्योग आणि देणग्यांतून यायचे आहेत. उद्योग माकडतापाला पैसे देईल का, याचं उत्तर वर आलं आहे.

खाणींचा पैसा वापरता येणार नाही का?

हा प्रश्न डिचोलीहून येतो, आणि चांगला आहे. २०१५च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला, गोव्यात तेव्हाच्या दोन्ही जिल्ह्यांचे वेगळे. त्याच्या मूळ नियमांप्रमाणे किमान ६० टक्के पैसा पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांना द्यायचा. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझ रद्द केली आणि खाणी थांबल्या, तेव्हा धूळ असतानाची आणि नसतानाची फुप्फुसं मोजायची दुर्मीळ संधी होती. ट्रक बंद असतानाची नोंद ही तुलनेचा पाया ठरली असती. ग्रामसभेत ठराव घेऊन अशा अभ्यासाची मागणी आजही करता येते. गटार आणि सभागृहाच्या यादीत तो शेवटी ढकलला जाईल, तरी करावी.

आपला आमदार यात काय करू शकतो?

पर्वरीला विधानसभेत आरोग्य खात्याच्या मागण्या चर्चेला येतात तेव्हा कपात सूचना देऊ शकतो (नाव कपातीचं, पण हेतू खात्याला जाब विचारण्याचा), तारांकित प्रश्न विचारू शकतो: राज्यात कुठले अभ्यास चालू आहेत, पैसा कुणाचा, किती माणसं करारावर, निष्कर्ष खात्याने वापरले का. आमदार तयार नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे. तीस दिवसांत उत्तर बंधनकारक.

आमच्या दारात सर्वेक्षणवाले आले तर काय विचारायचं?

पाणी द्या, उन्हातून आलेले असतात. मग संमतीपत्र मागा, आणि ते तुम्हाला कळेल त्या भाषेत हवं. कोकणी, मराठी, कन्नड, जी तुमची असेल ती. पैसा कुणाचा, रक्त कुठे जाणार, किती वर्षं ठेवणार, निकाल मला कळवणार का, हे विचारा. मधेच नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि नाही म्हटलं म्हणून आरोग्य केंद्रातले उपचार थांबवता येत नाहीत. कागदावर नीतिमत्ता समितीचा संपर्क असायला हवा, तो फोटो काढून ठेवा. औषधाची किंवा उपचारपद्धतीची चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक मागून आयसीएमआरच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर टाका. प्रायोजक कोण आणि पैशाचा स्रोत कुठला यासाठी तिथे स्वतंत्र रकाने आहेत, कुणालाही वाचता येतात. आणि सर्वेक्षणाला आलेल्या मुलीला जाता जाता विचारा, करार कधी संपतो. बहुतेक वेळा ती मार्च म्हणेल.